कपाळावर राख, कपाटात हक्कसोड



उपवासकाळ जवळ आला की आमच्या मंचेरियलमध्ये दरवर्षी एक प्रश्न येतो. नागपूर-अमरावतीकडून नोकरीनिमित्त इथे आलेली मराठी कुटुंबे विचारतात, “राखेचा बुधवार कधी?” आम्ही सांगतो, इथे सोमवार. आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ साली चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. दोन्ही सिरो-मलबार रीतीचे. या रीतीत राख सोमवारी लावतात आणि उपवास पन्नास दिवसांचा असतो. मग पुढचे प्रश्न ठरलेले. मासे चालतात का? अंडे? लग्नाला गेलो तर काय खायचे?

इतकी वर्षे आम्ही धर्मशिक्षण देत आहोत, पण “या उपवासात कोणाचे काय परत करायचे?” असे आजवर एकानेही विचारले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही स्वतःला विचारले नव्हते.

म्हणून आज स्पष्टच लिहितो. ज्याचे आपण घेतले त्याचे परत करणे शक्य असताना जो परत करीत नाही, त्याचा पश्चात्ताप म्हणजे नुसती हळहळ आहे. अशा हळहळीला आपण मंडळीत फार मान देऊन ठेवला आहे.

आपला शब्दच आपल्याला थोडा फसवतो. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. ताप येतो तसा उतरतोही. शुभवर्तमानातला मूळ ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणे. जुन्या करारात संदेष्टे वापरतात तो हिब्रू शब्द तर अगदी साधा आहे: ‘शूब’, माघारी फिरणे. चुकीच्या वाटेवर उभे राहून कितीही रडले तरी माणूस घरी पोहोचत नाही. त्याला पाय उचलावे लागतात.

आमच्या रीतीत मोठ्या उपवासाच्या आधी निनवे शहराच्या आठवणीचा तीन दिवसांचा उपवास असतो. योनाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढून पाहा. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, लोक गोणताट नेसतात, गुराढोरांनाही चारापाणी बंद होते. पण राजाच्या हुकुमाचा शेवट काय आहे? प्रत्येकाने आपल्या हातून होणारा जुलूम सोडावा. आणि देवाने काय पाहिले? त्यांची कृती पाहिली, ते दुष्ट मार्गापासून फिरले हे पाहिले. जुन्या यहुदी उपवासविधीत मंडळीतला वडील माणूस लोकांना हीच आठवण देत असे, की निनवेचे गोणताट देवाने पाहिले असे शास्त्रात लिहिलेले नाही.

पुण्याचे चहाचे प्रकरण मराठी वाचकाला ठाऊक असते. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही नामवंत मंडळी जमली, चहा पुढे आला आणि त्यावरून मोठे ग्रामण्य उठले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी १८९२ साली घेतले. मिशनचा चहा पिणे पाप आहे असे त्यांच्या मनाला वाटत होते का? नाही. समाजाचे तोंड बंद व्हावे म्हणून विधी झाला. ही गोष्ट आम्ही ख्रिस्ती लोक गमतीने सांगतो. पण निदान त्या मंडळींनी कोणाचे काही लुबाडले नव्हते. आपण लुबाडतो आणि वर विधीही करतो!

आता आमच्याच घरचे सांगतो. राजुऱ्याकडे आमची थोडी वडिलोपार्जित शेती. वडील मृत्युपत्र न करता वारले. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे अशा ख्रिस्ती घरात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच. तरी आम्ही भावांनी बहिणीला बोलावले, जेवू घातले, साडी दिली आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली. ती काही बोलली नाही. त्यानंतर नऊ उपवासकाळ आले. नऊ वेळा आम्ही पापनिवेदनाला गुडघे टेकले. राग आला, प्रार्थना चुकली, खोटे बोललो, असे सगळे सांगितले. त्या कागदाचा उच्चार एकदाही केला नाही, कारण ते पाप आहे असे आम्हाला वाटतच नव्हते. ती ‘रीत’ होती.

जाग आली ती मुलांना जक्कयाचा धडा शिकवताना. एका मुलीने विचारले, “सर, जक्कयाने नुसते सॉरी म्हटले असते तर?” उत्तर आम्हाला ठाऊक होते, पण ते देताना जीभ अडखळली.

यावर काही जण म्हणतील, तारण कृपेने मिळते, कर्माने नाही. अगदी खरे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू जक्कयाला आधी हाक मारतो, आधी त्याच्या घरी जातो. कृपा पहिली आली. पण ती घरात आल्यावर त्या जकातदाराची पेटी बंद राहिली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्यांना चौपट. ज्या घरात कृपा आली आणि पेटी मात्र कुलपातच राहिली, त्या घरात नक्की कोण आले होते?

दुसरे म्हणतील, पापनिवेदन झाले, क्षमा मिळाली, विषय संपला. पण आपल्या कॅथोलिक चर्चचा १९९२ सालचा धर्मशिक्षणग्रंथच सांगतो की, क्षमेने पाप जाते, पापाने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करायचे, कोणाचे नाव बदनाम केले असेल तर तेही सावरायचे. आणि तिसरे म्हणतील, बहीण काही बोलत नाही, मग जुनी मढी कशाला उकरायची? बंधूंनो, ती बोलत नाही कारण तिला माहेर हवे आहे. तिच्या गप्प बसण्याला संमती म्हणणे हे आणखी एक पाप.

मागच्या वर्षी आम्ही भाऊ तिच्या घरी गेलो. तिचा वाटा बक्षीसपत्राने तिच्या नावावर करायचे ठरले. एक भाऊ अजून राजी नाही, म्हणून काम अर्धेच झाले आहे. हे आम्ही मोठेपणा म्हणून लिहीत नाही. अर्धे कर्ज फेडणाऱ्याला कसला मोठेपणा?

या वर्षी पापनिवेदनाला जाण्यापूर्वी एक कागद घ्या. बहिणीचा वाटा, मजुराची थकलेली मजुरी, हातउसने घेऊन विसरलेले पैसे, शेजाऱ्याविषयी पसरवलेली अफवा, सगळे नावानिशी लिहा. मग आधी त्या दारी जा. वेदीवरचे अर्पण तिथेच ठेवून पहिल्यांदा भावाकडे जायला आपल्या प्रभूनेच सांगितले आहे. मासे खायचे की नाही, ते नंतर पाहू.

हे प्रभू, जक्कयाच्या घरी आलास तसा आमच्याही घरी ये, आणि जे आमचे नाही ते सोडून देण्याचे बळ आमच्या हातांना दे. आमेन.