पावसानंतरची पायवाट : डागडुजी कोणी करायची?

बेळगावच्या आसपासच्या टेकड्यांवर आता डोंगरी सायकली घेऊन जाणारी तरुण मुले बरीच दिसतात. आम्हा निवृत्त मंडळींना त्याचे कौतुकच आहे. पण जोराचा पाऊस ओसरल्यावर येळ्ळूरच्या बाजूला फिरायला गेलो, तर ओळखीच्या पायवाटेची घळ झालेली. शेतकरी म्हणतात, सायकलींनी वाट खराब केली. मुले म्हणतात, पावसाने केली. आमच्या मते दोघांचेही निम्मे खरे आहे.

ओल्या लाल मातीत चाकाची चाकोरी उमटते. पुढच्या सरीचे पाणी तीच चाकोरी धरून धावते आणि ती खोल करते. हे चक्रवाढ व्याजासारखे असते. आज दोन घमेली मातीचे काम टाळले, तर पुढच्या वर्षी गाडीभर मुरूमही पुरत नाही. शिवाय वाहून गेलेली माती खालच्या शेतात जाऊन बसते.

डोंगरी सायकलस्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना 1988 साली अमेरिकेत स्थापन झाली. तिचे नियम साधे आहेत. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी 10 टक्क्यांच्या आत राहावा. वाट दरीच्या बाजूला 5 टक्के कलती असावी, म्हणजे तीन फूट रुंदीला जेमतेम दोन इंच. मग पाणी वाटेवरून धावत न जाता आडवे निघून जाते.

म्हणून चाकोरीत नुसती सुटी माती टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. आधी दरीकडच्या कडेला साचलेला मातीचा उंचवटा फोडावा, सखल जागी उथळ, पसरट निचरा काढावा आणि मगच भर घालून चोपावी. वाट सरळ उतारावरूनच खाली येत असेल, तर ती वळवून नेण्याला पर्याय नाही.

मुलांनीही एक पथ्य पाळावे. चाकाचा ठसा रुतू लागला की मागे फिरावे. डबके टाळण्यासाठी कडेने गेल्यास वाट रुंदावत जाते, हेही लक्षात ठेवावे.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. जमीन वनखात्याची असेल तर परवानगी घ्यावीच लागेल, गावची असेल तर पंचायतीशी आणि शेजारच्या शेतकऱ्यांशी आधी बोलावे. कुदळ, फावडे आणि महिन्यातला एक रविवार, एवढाच खर्च आहे. ज्यांच्या शेतात माती जाते, त्यांच्यासोबत मुलांनी एकदा घमेले उचलले, तर वाटही टिकेल आणि गावाशी संबंधही.