मंदिर ऱ्हस्व, विहीर दीर्घ

मुंबईचा एक दोस्त फोनवर म्हणाला, तू बाटलास. कारण काय, तर मी इथं अमडापुरात आपल्या वाड्यातल्या पोरांचं श्रुतलेखन घेतो. शुद्धलेखन म्हणजे मनूची वेलांटी, ती जाळायची सोडून तू गिरवतोस काय, असा त्याचा सवाल. याचा स्वतःचा पोरगा इंग्रजी शाळेत. तिथं स्पेलिंगची टेस्ट असली की आदल्या रात्री हा क्रांतिकारक बाप पोराला घेऊन बसतो. ते स्पेलिंग त्याला जाळावंसं वाटत नाही. असो. माझं भांडण त्याच्याशी आहे, तितकंच लाल पेनवाल्यांशी आहे, आणि थोडं माझ्याशीही आहे. म्हणून सगळं सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. खेड्यात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. एवढा काळ पोरं घरी. शहरात याला होमस्कूलिंग म्हणतात, काही सुखवस्तू घरं ते हौसेनं करतात. भिंतभर पुस्तकं, शिकलेली आई, शिकलेला बाप. आमच्याकडे दोन खोल्या, माय सोयाबीन सोंगायला गेलेली, बाप मिळेल त्या कामावर, आणि घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात. शाळा मोबाईलवर चालू होती असं कागदावर आहे. मी बी.ए. होऊन बसलेला. सतरा पोरं गोळा केली आणि समाजमंदिराच्या ओट्यावर बसवली. वर रंगाऱ्यानं लिहिलेला बोर्ड, 'समाज मंदीर'. तो ध्यानात ठेवा.

मला शिकवता काय येत होतं? जे माझ्यावर झालं तेच. मास्तर म्हणायचा, आम्ही लिहायचो, चुकलं की हातावर पट्टी आणि तोच शब्द दहा वेळा. पट्टी मी घेतली नाही, बाकी सगळं तसंच. मोठ्यानं म्हणत गेलो : विहीर, पाणी, वेळ, डोळा, कोण. पोरांच्या वह्यांत उतरलं : इहीर, पानी, येळ, डोया, कोन. मी लाल पेन चालवला. वह्या रक्ताळल्या.

तिसरीतल्या एका पोरीनं वही आजीला दाखवली. दुसऱ्या दिवशी बुढी ओट्यावर हजर.

"काहून रे बाबू, काय चुकवलं माह्या नातीनं?"

म्हटलं, आजी, तिनं इहीर लिहिलं. विहीर पाहिजे होतं.

बुढी जरा विचारात पडली. मग म्हणाली, "आमची इहीर येगळी होती, गावाची येगळी. तू कोनती सांगून राह्यला?"

ती थट्टा करत नव्हती. खरंच विचारत होती. पोरगी त्यानंतर आठ दिवस आली नाही.

त्या आठ दिवसांत मी नियम काढून वाचले. आधी वाचायला पाहिजे होते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले. त्यातला एक बघा. मराठी शब्दात शेवटच्या 'अ'काराआधीचा इकार-उकार दीर्घ लिहायचा : विहीर, गरीब, फकीर. पण शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल, ज्याला तत्सम म्हणतात, तर तो संस्कृतात जसा तसा ठेवायचा : मंदिर. आता दोन्ही मोठ्यानं म्हणा. मंदिर. विहीर. शेवटचा तुकडा वेगळा ऐकू येतो? पुण्यात म्हणा नाहीतर चिखलीत म्हणा, बोलताना तिथली इ लांबच होते. मग पोरानं ऐकून ठरवायचं काय? श्रुतलेखन म्हणजे ऐकून लिहिणं, आणि इथं जे लिहायचंय ते कानाला लागतच नाही! म्हणजे परीक्षा होते ती शब्दाचं कुळ माहीत असण्याची, घरात पुस्तकं असण्याची. शब्दाची जात विचारल्याशिवाय वेलांटी देता येत नाही, असा हा कारभार.

पुढं अजून मजा आहे. विभक्ती लागली की मराठी शब्द वाकतो. गरीब, पण गरिबाला. वकील, पण वकिलाला. शरीर मात्र शरीरालाच, कारण तत्सम, मान ताठ. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा, त्याला वेगळा नियम आहे, म्हणून अमडापूर. आणि आत शिरलं की अमडापुरात, ऱ्हस्व. खामगावच्या रस्त्यानं येताना गाव लांबलचक असतं, वेशीत आलं की आखडतं. आमच्या वाड्यापर्यंत येता येता किती उरत असेल ते तुम्हीच मोजा.

बाबासाहेबांना संस्कृत शिकायचं होतं. एल्फिन्स्टन हायस्कूलात ते मिळालं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. म्हणजे संस्कृत शिकू द्यायचं नाही आणि मराठीच्या दारात चाळणी लावायची ती संस्कृतची! १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीबांच्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका काढून विष्णुशास्त्री चिपळूणकर 'निबंधमाले'त त्यांना हसले होते. हसणं जुनंच आहे. आणि हा 'शुद्ध' शब्द! २० मार्च १९२७ ला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, तर त्यांनी त्यात पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाणी काय, मंदिर काय, वेलांटीच्या आधी आपल्याला दारच बंद होतं.

बरं, हे शुद्ध तरी कायमचं आहे का? १९२७ चा 'बहिष्कृत भारत' उघडा. नांव, कांहीं, पांच, अनुस्वारांची रांग लागलेली. तेव्हा ते बरोबर होतं. १९६२ च्या नियमांनी ते अनुस्वार काढले आणि तेच लिहिणारा चुकीचा ठरला. समितीच्या बैठकीत बदलतं ते पवित्र कसलं? रस्त्यावर डाव्या बाजूनं चालवायचं असतं, तेवढाच त्याचा मान.

दोस्ता, इथपर्यंत तू टाळ्या वाजवल्या असशील. आता ऐक. जाळणं तुला परवडतं. या पोरीचा अर्ज उद्या तहसिलीत जाणार आहे. ती पोलीस भरतीला बसेल, तिथं मराठी व्याकरणाला मार्क आहेत. नळाला पानी येत नाही असा अर्ज केला की साहेब आधी 'पानी'ला हसतो आणि मग पाणी विसरतो. तिच्या हातातलं हे हत्यार काढून घेऊन तू कुठली क्रांती करणार? रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी घरी पोरांचा अभ्यास घेतला, भाषांतरं करून घेतली, भीमरावांना अपरात्री उठवून वाचायला बसवलं. आपलं होमस्कूलिंग तिथून आहे. इंग्रजी व्याकरण साहेबाचं म्हणून त्यांनी चुलीत घातलं नाही.

नवव्या दिवशी मी पोरीच्या घरी गेलो, उंबऱ्यात बसलो आणि म्हटलं, आजी, तुम्ही सांगा, ही लिहील. तेव्हापासून आमचं श्रुतलेखन आधी उलटं चालतं. बुढी सांगते : दोर कोणाचा असायचा, घागरीत पाणी वरून कोण ओतायचं, कोणी येईस्तोवर उन्हात किती थांबायचं. पोरगी ऐकलं तसं लिहिते, इहीर तर इहीर. त्याखाली दुसरी ओळ, पुस्तकी, विहीर. वरची ओळ खोडायची नाही. एक आपली, एक सरकारदरबारची, दोन्ही यायला पाहिजेत.

मग पुस्तकी ओळीचं श्रुतलेखन. पण उतारा आदल्या दिवशीच हातात द्यायचा. अवघड शब्द डोळे भरून बघायचा, डोळे मिटून आठवायचा, पुस्तक झाकून लिहायचा. दीर्घ-ऱ्हस्व कानापेक्षा डोळ्यात लवकर बसतं. घरी शिकणाऱ्या पोरांसाठी 'होम एज्युकेशन' लिहिणारी शार्लट मेसन नावाची इंग्रज बाई १९२३ साली वारली, तिची रीत हीच होती. आधी शब्दाचं चित्र मनात, मग श्रुतलेखन, आणि चुकलेला शब्द डोळ्यापुढं न ठेवता लगेच झाकायचा. बाईचं मी अर्धं ऐकतो. घाईतली चूक झाकतो, बोली झाकत नाही. लाल पेन मात्र बंदच केला. पोरं एकमेकांच्या वह्या पेन्सिलीनं तपासतात आणि मला पकडायला टपलेली असतात. पकडतातही.

शाळा उघडल्या तरी संध्याकाळचा ओटा सुटला नाही. एक दिवस त्याच पोरीनं वर बोट केलं. "भाऊ, बोर्डावर मंदीर चुकलं." सगळी पोरं वर बघायला लागली. रंगारी आपल्याच वाड्यातला, त्याला बोलावलं. तो म्हणाला, इतकी वर्षं झाली, कोनी काई बोललं नाई, अन मले तं दीर्घच चांगली दिसते. पोरांत दोन पार्ट्या पडल्या, बदला म्हणणारी आणि राहू द्या म्हणणारी. बुढीला विचारलं तर तिला एकच जाणून घ्यायचं होतं, रंगाचे पैसे कोन देनार. रंगारी डब्यात किती रंग उरलाय ते बघून सांगतो म्हणालाय.