एका रेघेचा भरवसा

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांच्या छातीत रात्री दहाच्या सुमारास कळ आली. वय ६१. आधी ओव्याचा अर्क झाला, मग लिंबू-सोडा झाला. ‘दुपारी फणस खाल्लात ना?’ असे विचारून कुणीतरी निदानही करून टाकले. तरी अकराला आम्ही त्यांना एका दवाखान्यात नेले. तिथे रक्ताचे थेंब एका छोट्या प्लास्टिकच्या पट्टीवर टाकले. पाव तासात उत्तर मिळाले. एकच रेघ! म्हणजे हार्ट अटॅक नाही. आनंदाने घरी परतलो.

पहाटे तीनला ते घामाने निथळत होते. पुन्हा धावपळ, पुन्हा पट्टी. या वेळी दोन रेघा, चांगल्या ठळक. गृहस्थ वाचले, पण हृदयाचा एक कोपरा कायमचा निकामी झाला.

पट्टी खोटे बोलली नव्हती. आम्ही तिला फार लवकर विचारले होते.

ही पट्टी शोधते ते ट्रोपोनिन. स्नायूंच्या आकुंचनात काम करणारे हे प्रथिन जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात शोधले. हृदयातले ट्रोपोनिन थोडे वेगळे असते. त्याचा उपयोग करून जर्मनीत हायडेलबर्गच्या ह्यूगो काटुस यांनी १९८० च्या दशकाअखेरीस रक्तचाचणी तयार केली. हृदयाच्या पेशी मरू लागल्या की हे प्रथिन रक्तात झिरपते. मात्र साध्या पट्टीला दिसण्याइतके साठायला तीन-चार तास, कधी अधिकही लागतात. मग ते आठवडाभर तरी रक्तात सापडते.

बँकेत असताना मी असे खातेदार पाहिले आहेत, की सकाळी कुणाला चेक द्यायचा आणि दुपारी पासबुक भरून घ्यायला यायचे. शिल्लक तशीच पाहून स्वारी खूश! पैसे तर गेलेलेच असायचे, नोंद तेवढी मागाहून पडायची. आमचे त्या रात्री नेमके हेच झाले.

म्हणून पट्टी टाकाऊ का? मुळीच नाही. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या आपल्या जिल्ह्यात तर ती मोलाची आहे. रत्नागिरीहून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, तेही आंबा घाट चढून. काल दुपारपासून छाती जड आहे, ई.सी.जी. मात्र सरळ, असा रोगी खेड्यातल्या डॉक्टरांपुढे येतो. भर जुलैत त्याला घाट चढवायचा की नाही? तिथे दोन रेघा दिसल्या तर डॉक्टरांना बळ येते. अर्थात मूत्रपिंडाच्या दुखण्यातही ट्रोपोनिन वाढू शकते, म्हणून रेघ वाचायलाही डॉक्टरच हवा.

माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या पट्ट्या असाव्यात, मुदत न संपलेल्या असाव्यात. पण त्यांच्यासोबत नियमही भिंतीवर लावलेला असावा. आधी ई.सी.जी. त्यात झटका स्पष्ट दिसला तर पट्टीची वाट न पाहता उपचार. कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर, तितका स्नायू वाचतो. ई.सी.जी. दूरच्या तज्ज्ञाला दाखवण्याची सोय व्हावी म्हणून राज्यात २०२१ मध्ये ‘स्टेमी’ प्रकल्प सुरू झाला, तो याच घाईसाठी. आणि कळ येऊन थोडाच वेळ झाला असेल, तर एका रेघेवर कुणालाही घरी पाठवू नये. काही तास थांबवून घ्यावे, पुन्हा तपासावे. खर्च वाढेल तो एका पट्टीचा आणि एका खाटेचा.

सगळे सरकारवर ढकलूनही चालणार नाही. छातीत कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, दरदरून घाम, यांपैकी काही झाले की सोडा फोडण्याआधी १०८ ला फोन करावा. आणि घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहून ठेवावी. त्या पहाटे डॉक्टरांनी आम्हाला विचारले होते, ‘पहिली कळ नेमकी किती वाजता आली?’ आम्ही चौघे होतो आणि आमची उत्तरेही चार होती.