शिळा लंडनला, निदान फोटो तरी मोकळा करा

अमरावतीच्या महास्तूपाचे नाव आपण ऐकून असतो. ही अमरावती कृष्णाकाठची, आंध्र प्रदेशातली. आपल्या विदर्भातली नव्हे. १८४५ साली वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खोदकाम करून कोरीव शिळा मद्रासला नेल्या. १८५९ मध्ये त्यांतल्या पुष्कळशा बोटीने लंडनला गेल्या. आज अमरावतीच्या शंभराहून अधिक शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लंडनचे तिकीट आपल्यापैकी कितीजण काढणार? आपल्याला ती शिळा दिसणार ती फोटोतच.

म्हणून हा फोटोचा प्रश्न किरकोळ नाही. ब्रिटिश म्युझियमने २०२० साली सुमारे १९ लाख फोटो इंटरनेटवर ठेवले. पाहा, उतरवून घ्या, मुलांच्या प्रकल्पात लावा, हरकत नाही. मुख्य अट ही की, धंद्यासाठी वापरायचे नाहीत. वरवर पाहता अट न्यायाची वाटते. पण बांधवहो, हिशेब मांडून पाहा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपला एखादा कार्यकर्ता वीस रुपयांची पुस्तिका विकतो. कागद, छपाई, बांधणी जाऊन त्याच्या हाती काय उरते? तरीही ती विक्रीच झाली. त्याने वेगळी परवानगी काढावी, फी भरावी. मोठ्या प्रकाशकाला ती फी जड नाही. अट अडवते ती या स्टॉलवाल्याला.

ज्ञानकोश विकिपीडियाचेही तेच. त्याच्या चित्रसंग्रहात कोणालाही, अगदी विक्रीसाठीसुद्धा, वापरता येईल असेच फोटो घेतात. त्यामुळे म्युझियमच्या कॅमेरामनने नीट उजेडात काढलेला फोटो तिथे चालत नाही. प्रेक्षकाने काचेपुढे उभे राहून काढलेला चालतो! दीड-दोन हजार वर्षांच्या शिळेवर कोणाचा हक्क राखीव असणार? राखीव आहे तो तिच्या फोटोचा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने दुसरी वाट धरली. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यांनी पावणेचार लाख फोटो बिनशर्त मोकळे केले. फी नाही, अर्ज नाही, विकायलाही मुभा. त्यांत गांधार शैलीच्या बुद्धमूर्तीही आहेत. फोटोंबरोबर चार लाखांहून अधिक वस्तूंची नोंदयादीही दिली: वस्तू कुठली, कोणत्या काळाची, कशाची, किती उंच. माझ्यासारख्या कारकुनाला याचे मोल अधिक वाटते. नोंदीशिवाय फोटो म्हणजे नंबर नसलेले व्हाउचर. वस्तू संग्रहालयात कोणाकडून आली हेही नोंदीतच सापडते. ती परत मागायची की नाही, हा वाद वेगळा. पण तो घालायलाही हीच नोंद लागते.

आपल्यातले काहीजण विचारतात, सगळे मोकळे सोडले तर उद्या कोणी भगवंतांची प्रतिमा चपलेवर छापील, मग? भीती खरी आहे. पण चपलेवर छापणारा परवानगीचा अर्ज करतो थोडाच! अट पाळणारा तेवढा थांबतो. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात वर्मीर या चित्रकाराचे दूध ओतणाऱ्या बाईचे चित्र आहे. त्याच्या पिवळट, बिघडलेल्या नकला इंटरनेटवर इतक्या पसरल्या की, संग्रहालयातल्या पोस्टकार्डावरचे खरे रंगच लोकांना खोटे वाटू लागले. शेवटी संग्रहालयाने स्वतःच चांगली प्रत खुली केली. वाईट नकलेवर उतारा चांगल्या नकलेचाच.

आणि प्रत एकाच छपराखाली ठेवली की काय होते, ते अजिंठ्याला विचारा. मेजर रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे तिथे राहून भिंतींवरची चित्रे उतरवली. त्यांतली बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाली. मग १८७२ पासून ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले. ती चित्रेही लंडनला गेली, आणि १८८५ च्या आगीत त्यांतलीही बरीच गेली. मूळ भिंतींवरचा रंग तर झिजतोच आहे. आज फोटोची प्रत काढायला पैसाही लागत नाही. ती हजार ठिकाणी राहू द्यायला काय हरकत आहे?

मेट्रोपॉलिटनचे मोकळे फोटो छापताना संग्रहालयाचे नाव देण्याची सक्ती नाही. तरी पुस्तिका-कॅलेंडर छापणाऱ्या आपल्या बंधूंनी फोटोखाली संग्रहालयाचे नाव आणि वस्तूचा क्रमांक बारीक अक्षरात का होईना, टाकावा. घरातली शिकती मुले त्या क्रमांकावरून मोबाइलवर मूळ नोंद काढतील आणि आईवडिलांना वाचून दाखवतील.