वजन मुलीचं, कढई सगळ्या घराची

रिश्ता घेऊन चार बायका घरी आल्या की मुलीच्या शिक्षणाआधी तिच्या अंगाकडे नजर जाते. "मुलगी चांगली आहे, पण जरा भरलेली आहे," हे तिच्यासमोरच बोललं जातं. पाहुणे गेले की घरातून हुकूम सुटतो: निकाहला दोन महिने आहेत, भात बंद, रात्रीचं जेवण बंद. याला कोणी आरोग्याची काळजी म्हणत असेल तर म्हणो, मी म्हणणार नाही. हा बाजार आहे आणि त्यात मुलीचं वजन केलं जातं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. नववी-दहावीच्या काही मुली भरलेला डबा तसाच परत नेतात आणि शेवटच्या तासाला बाकावर डोकं टेकतात. बारीक होण्याची घाई त्यांना कोणी शिकवली? आपणच.

उपाशी राहून उतरवलेलं वजन टिकत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने उतरलं, पण त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. बंधन सुटल्यावर कितीही खाल्लं तरी अनेकांची भूक भागेना. मग आपल्या मुलीला "तुझ्यात जिद्दच नाही" असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आणि बारीक म्हणजे निरोगी, हे तरी खरं आहे का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! नुसत्या नजरेने माणसाची तब्येत कळत नाही.

"मग लठ्ठपणावर बोलायचंच नाही का?" जरूर बोला. मधुमेह आणि रक्तदाब आपल्या मोहल्ल्यात घरोघरी आहेत. पण मग मोजपट्टी अब्बांच्या आणि भाईजानच्या कमरेलाही लावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ आहे. पुरुषाचं सुटलेलं पोट ही बरकत आणि मुलीचं ऐब, हा कुठला इन्साफ?

टिकणारा बदल चुलीपासून सुरू होतो. दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा घेतला की आठ चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो सहा चमच्यांच्या आत राहा म्हणते, आणि त्यात शरबत-मिठाईही आली. चहातली साखर आधी निम्मी करा. सालनावर तेलाचा थर तरंगला म्हणजेच ते चांगलं, हा समज सोडा. गोश्तात दुधी किंवा पालक घाला, सोबत डाळ आणि काकडी-कांदा ठेवा. रमजानमध्ये दिवसभर सब्र करून इफ्तारला तळलेल्या समोशांवर तुटून पडायचं असेल, तर ईदपर्यंत वजन वाढलं म्हणून रोज्याला दोष देऊ नका.

हे बदल सावकाश होतात, दोन महिन्यांत फोटोत दिसत नाहीत. पण ते वर्षानुवर्षं चालतात, कारण त्यात कोणी उपाशी नसतं आणि कोणाचा अपमान नसतो.

म्हणून मुलीसाठी वेगळं ताट लावू नका. दस्तरखान एक आहे, त्यावरचं जेवण सगळ्यांसाठी बदला. आणि तिच्या अंगावर बोट ठेवणाऱ्या रिश्त्याला दारातूनच सलाम करा.