चूक शिकाऊ पोराची, की शाळेची?

सणासुदीच्या अंकात अपघाताचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाच्या ताटाशी बसून मरणाच्या गोष्टी करू नयेत, असे आमच्या घरातली वडील माणसेही म्हणतात. पण याच सुटीत घरोघर एक बोलणे चालते : थोरलीने पुढे काय करायचे, धाकट्याला कुठे घालायचे? डॉक्टर आणि इंजिनीयर या दोन जुन्या दैवतांच्या शेजारी अलीकडे तिसरे येऊन बसले आहे, ते म्हणजे पायलट. परवा ओळखीचा एक शेतकरी मला म्हणाला, "गुरुजी, पोरीले पायलट कराचं म्हन्तो. वावर इकावं लागंन. तुमचा इचार काय?"

विमानविद्येतला मी तज्ज्ञ नव्हे. माझे शिक्षण बेताचे. मी कादंबऱ्या लिहितो आणि पोरांना शिकवितो. पण शाळा म्हणजे काय, एवढे मला समजते. आणि विमान शिकविणारी संस्था ही आधी शाळा आहे, मग बाकी सारे. म्हणून हा विषय माझ्या अधिकारातला आहे असे मी मानतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली उभे राहिले, की उत्तरेला सातपुडा दिसतो. याच सातपुड्याच्या कुशीत, शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातील वर्डी गावाच्या शिवारात 16 जुलै 2021 रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे एक शिकाऊ विमान कोसळले. शिकविणारा गेला, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक विमान पडले. ते एक शिकाऊ मुलगी एकटीच चालवीत होती. सुदैवाने ती वाचली. 18 मार्च 2023 रोजी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेले शिकाऊ विमान पलीकडे बालाघाटच्या डोंगरात आदळले. शिकविणारा आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, 19 आणि 22 तारखेला, बारामतीच्या परिसरात एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांत जमिनीवर आली. तेव्हा कुठे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला जाग आली आणि त्या संस्थेचे शिकवणे काही काळ थांबविण्यात आले.

अशी बातमी आली की पारावर, कट्ट्यावर आणि थेट दिवाणखान्यातही एकच निकाल ऐकू येतो : "शिकाऊ होता हो, चुकायचाच!" जो जरा धार्मिक असतो, तो म्हणतो, "आयुष्याची दोरीच तेवढी." पहिला दोष पोराच्या माथी मारतो, दुसरा देवाच्या. संस्थेचे नाव दोघांच्याही तोंडी येत नाही. माझा संताप आहे तो नेमका इथे.

शिकाऊ चुकणार, हे कोणाला ठाऊक नाही? पोर चुकते म्हणून तर त्याला शाळेत घालायचे! पहिलीच्या पोराने पाटीवर अक्षर उलटे काढले, तर ते पुसून पुन्हा काढता येते. पाटी पुसता यावी, ही सोय पोराने करायची नसते, शाळेने करायची असते. विमानाच्या शाळेत पाटी कोणती? धड देखभाल केलेले यंत्र, पुरती विश्रांती मिळालेला शिक्षक, हवा वाईट असेल त्या दिवशी दारावर लागणारे कुलूप, आणि "आज मला जमायचे नाही" असे पोराने म्हटल्यावर त्याच्यावर न ओरडणारा मुख्याध्यापक. ही चार कवचे शाबूत असली, तर पोराची चूक वहीत राहते. ती फुटलेली असली, तर तीच चूक डोंगरावर जाऊन आपटते. मी वर सांगितलेल्या अपघातांत कोणते कवच कुठे फुटले, हे सांगणे चौकशी करणाऱ्यांचे काम आहे, माझे नव्हे. पण चौकशीच्या आधीच "शिकाऊ होता" म्हणून फाईल बांधण्याचा अधिकारही कोणाला नाही.

आता या शाळांची स्वतःची परीक्षा कशी झाली, ते पाहा. महासंचालनालयाने 2025 साली देशातल्या वैमानिक-प्रशिक्षण संस्थांना प्रथमच श्रेणी दिल्या. 35 संस्था परीक्षेला बसल्या. निकाल लागला तो असा : वरच्या 'अ' वर्गात एकही नाही, 'ब' मध्ये 13, आणि 50 टक्क्यांच्या आतल्या 'क' मध्ये 22. माझ्या वर्गाचा असा निकाल लागला असता, तर गावाने मला बैलगाडीत घालून तालुक्याला पाठविले असते. इथे मात्र 'क' वर्गातल्या शाळांना आत्मपरीक्षण करा, अशी समज देण्यात आली!

त्याहून मला टोचली ती प्रश्नपत्रिका. एकूण 100 गुणांत संस्थेच्या कामकाजाला 40, कामगिरीला 20, नियम पाळण्याला 10, विद्यार्थ्यांच्या मदतीला 10, आणि सुरक्षिततेला 20. म्हणजे सुरक्षितता हा विषय चित्रकलेसारखा. त्यात कमी पडले तर दुसरीकडे भरून काढता येते. कोणी म्हणेल, कामकाजाच्या गुणांतही सुरक्षितता आलीच. आली असेल. पण आमच्या शाळेतसुद्धा काही विषयांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. गणितातली तूट मराठीने भरत नाही. उडविण्याच्या शाळेत सुरक्षितता हा असा विषय नसेल, तर कोणता असावा? माझी पहिली मागणी हीच : सुरक्षिततेत जी संस्था नापास, ती सबंध नापास.

आता पैशाचे बोलू. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. त्याचा खर्च लाखांच्या दहांत मोजावा लागतो. शेत विकून, कर्ज काढून आलेल्या पोराला प्रत्येक तास सोन्याचा. संस्थेलाही विमान धावपट्टीवर उभे राहिले की खर्चच. अशा वेळी आभाळ भरून आले, तर "आज नको" असे कोणी म्हणायचे? पोराने म्हटले तर हप्ता डोळ्यांसमोर येतो. शिक्षकाने म्हटले तर नोकरी. जिथे 'नाही' म्हणणाऱ्याचे नुकसान होते, तिथे एक ना एक दिवस सगळेच 'हो' म्हणू लागतात. म्हणून दुसरी मागणी : वाईट हवेमुळे वा यंत्राच्या शंकेमुळे उड्डाण नाकारणाऱ्या विद्यार्थ्याला एक पैचाही भुर्दंड पडता कामा नये, आणि शिक्षकाला जाब विचारला जाता कामा नये.

यावर एक शहाणा मला म्हणाला, "मास्तर, रस्त्यावर माणसे किड्यामुंगीसारखी मरतात, आणि तुम्ही दोन-चार विमानांचे काय घेऊन बसलात?" रस्त्यावरचे मरण आम्हा बुलढाण्याच्या लोकांना कोणी शिकवू नये. 1 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गावर, आमच्याच सिंदखेडराजा तालुक्यात, एक बस पेटली आणि 25 माणसे जळून गेली. पण एका मरणाचे उत्तर दुसऱ्या मरणाने देता येत नाही. शिवाय ही विमाने केवळ उडणाऱ्यांच्या जिवाशी खेळत नाहीत. 28 जून 2018 रोजी मुंबईत घाटकोपरच्या वस्तीत चाचणीसाठी निघालेले एक लहान खासगी विमान पडले; विमानातले चौघे गेले, आणि रस्त्याने चाललेला एक पादचारीही गेला. त्याने कोणते तिकीट काढले होते?

आणि विमानाकडे एक चांगली रीत आहे, ती रस्त्याकडे नाही. 1944 च्या शिकागो करारापासून जगभर रुजत गेलेला नियम असा, की अपघाताची चौकशी कोणाला फासावर चढविण्यासाठी करायची नाही. तसा अपघात पुन्हा घडू नये म्हणून करायची. आपल्याकडे 2012 पासून त्यासाठी निराळे अपघात तपास कार्यालय आहे. ही फार मोठी रीत आहे. परंतु तिचे फळ कोणाच्या हाती लागते? अहवाल इंग्रजीत. वावर विकणारा बाप मराठी वाचतो. ज्या शाळेत तो पोटचा गोळा ठेवणार, तिच्या विमानांना काय झाले, का झाले, मग काय सुधारले, हे त्याला त्याच्या भाषेत दोन पानांत मिळाले पाहिजे. ही तिसरी मागणी.

आणि वर्डीच्या त्या डोंगरात आणखी एक गोष्ट घडली. विमान पडले तिथे गाडी जाईल असा रस्ता नव्हता. धावून आले ते आदिवासी. एका बाईने आपली साडी दिली. तिची झोळी करून त्या जखमी मुलीला खाली आणले. वर्तमानपत्रांनी त्या माउलीचे कौतुक केले, ते योग्यच. पण कौतुक करणाऱ्यांनी एवढे तरी विचारायचे होते, की ही झोळी बांधायला हे लोक शिकले कुठे? विमाने काही तिथे रोज पडत नाहीत. रोज आजारी पडतात ती त्यांची माणसे, आणि अडतात त्या त्यांच्या बाळंतिणी. ज्या डोंगरावरून शिकाऊ विमाने उडविण्याची परवानगी सरकार देते, त्या डोंगरापर्यंत रुग्णवाहिका नेण्याची जबाबदारीही सरकारचीच. ही चौथी मागणी. आणि इतर तिन्ही फेटाळल्या, तरी ही फेटाळण्याचे तोंड कोणाला नाही.

"अशाने पोरांची हिंमत खचेल," असे कोणी म्हणेल. खचू नये, म्हणूनच लिहितो. आमच्या खेड्यातल्या मुलींनी विमान चालवावे; जरूर चालवावे. त्यांच्या हिंमतीत खोट नाही. खोट असेल तर ती त्यांची हिंमत विकत घेऊन वर पावती देणाऱ्यांत शोधावी. म्हणून फी भरण्यापूर्वी आईबापांनी तीन गोष्टी विचाराव्या : तुमची श्रेणी कोणती? गेल्या पाच वर्षांत तुमची किती विमाने पडली, आणि त्यानंतर काय बदललेत? आमच्या पोरीने "आज नाही" म्हटले, तर तुम्ही काय कराल? उत्तर लेखी मागावे. देत नसतील, तर पैशाची पिशवी उचलून सरळ घरी यावे. वावर पुन्हा घेता येते.