बिल छापताना संगणक धापा का टाकतो?

निपाणी-बेळगावच्या बाजारपेठेत डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरची करकर अजून ऐकू येते. कार्बन घालून एकदम दोन-तीन प्रती निघतात, हे लेझर प्रिंटरला जमत नाही. मात्र जुन्या संगणकावर इंग्रजी बिल झटकन निघतं आणि मराठी किंवा कन्नड बिल दिलं की संगणकच अडून बसतो. मग सल्ला मिळतो, "बिलं इंग्रजीतच काढा की!"

दोष भाषेचा नाही. अशा बहुतेक प्रिंटरांच्या स्मृतीत इंग्रजी अक्षरं तयार असतात. ८० अक्षरांच्या ६६ ओळी म्हणजे जेमतेम ५,२८० बाइट. आपल्या लिप्यांसाठी १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक ठरलं. त्यात देवनागरी 'क' आणि कन्नड 'ಕ' यांना संकेत एकच! पण साध्या प्रिंटरला ही अक्षरं ठाऊक नसतात. म्हणून विंडोज ती चित्र म्हणून, ठिपक्याठिपक्यानं पाठवतं. इंचाला १८० ठिपके धरले, तर ८ बाय ११ इंचांचं भरगच्च पान साडेतीन लाख बाइटांवर जातं.

हा माल जातो मागच्या २५ छिद्रांच्या पॅरलल पोर्टमधून. त्याच्या जुन्या पद्धतीत प्रोसेसर एक बाइट ठेवतो, 'घेतलास का?' विचारतो, मगच दुसरा ठेवतो. वखारीच्या दिवाणजीनं गादी सोडून स्वतः पोती वाहावीत, तसं हे झालं. प्रिंटर सावकाश, म्हणून प्रोसेसरचा वेळ नुसता विचारण्यात जातो.

१९९४ च्या आयईईई १२८४ मानकात 'ईसीपी' ही पद्धत आली. तिच्यात डीएमए नावाचा हमाल मिळतो. दिवाणजी गादीवर परततो. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन पॅरलल पोर्ट 'ईसीपी'वर ठेवावा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टला इंटरप्ट वापरू द्यावा. रोजच्या बिलांना 'ड्राफ्ट' दर्जा पुरतो. ठिपके कमी, ओझं कमी. नव्या संगणकाला हा पोर्ट नसेल, तर यूएसबीची जोडकेबल मिळते.

आपल्याकडे एकाच घरात आजी मराठी वाचते आणि नातू कन्नड. बिलातली रक्कम दोघांनाही कळायला हवी. तेव्हा गिऱ्हाइकाची भाषा बदलण्याआधी पोर्टची सेटिंग बदलून पाहा.